दिव्याच्या पाण्याचा आकडा

ठाण्याजवळच्या दिव्यातल्या घरात पाणी एकाच वाटेने येत नाही. महापालिकेच्या नळाला येतं ते निळ्या पिंपात भरून ठेवलेलं असतं. ते पुरलं नाही की टँकर मागवावा लागतो आणि त्याचं पाणी तळटाकीतून मोटरने वर चढतं. इमारतीच्या मागे बोअर असला तर त्याचं पाणी भांडी, कपडे आणि संडासाला. पिण्यासाठी ओट्याच्या कोपऱ्यात वीस लिटरचा जार. ही चारही पाणी काचेच्या पेल्यात शेजारी शेजारी ठेवली तर बहुतेक वेळा सारखीच दिसतात. बोअरचा मचूळपणा जीभ ओळखते, पण बाकीच्या तिघांत फरक सांगणं भल्याभल्यांना जमत नाही.

म्हणून पेनाएवढा डिजिटल मीटर घराघरांत शिरला. काहीशे रुपयांत मिळतो, टोपी काढून पाण्यात बुडवला की काही सेकंदांत आकडा दाखवतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टँकरचा फोटो येण्याआधी त्याचा टीडीएस येतो. जारचा आकडा ३५ आला की पाणी ‘एक नंबर’, नळाचा १४० आला की ‘जरा कमी’, असे शेरे पडतात. आकडा खरा असतो. त्याला चिकटवलेला अर्थ मात्र बऱ्याचदा चुकीचा असतो, आणि ती चूक पोटापर्यंत पोहोचू शकते. तरीही हा मीटर टाकून द्यावा असं मला वाटत नाही. दिव्यासारख्या खाडीकाठच्या, टँकरवर जगणाऱ्या वस्तीत त्याचा उपयोग इतर कुठल्याही उपनगरापेक्षा जास्त आहे, फक्त तो करून घेतला जात नाही.

आधी मीटर नेमकं काय मोजतो ते पाहू. त्याच्या टोकाला धातूचे दोन बारीक दांडे असतात. त्यांच्यामधून पाण्यात अगदी सौम्य वीज सोडली जाते आणि ती किती सहज वाहते हे मोजलं जातं. शुद्ध पाण्यातून वीज जवळपास वाहत नाही. मीठ, चुना, सोडा असे क्षार विरघळले की त्यांचे धन आणि ऋण भाराचे कण, म्हणजे आयन, सुटे होतात आणि तेच वीज वाहून नेतात. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात ही कल्पना मांडली, तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम उत्तीर्ण केलं होतं. १९०३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. त्याच्याही आधी जर्मनीच्या फ्रीडरिश कोलराउशने दाखवून दिलं होतं की पाण्याची वाहकता मोजायची तर उलटसुलट दिशा बदलणारी वीज वापरावी, नाहीतर दांड्यांवरच रासायनिक क्रिया होऊन मोजमाप बिघडतं. आज खिशातल्या मीटरमध्ये हेच तत्त्व बसलेलं आहे.

म्हणजे मीटर मोजतो फक्त विद्युतवाहकता. ‘टीडीएस’, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ, हा आकडा त्या वाहकतेवरून अंदाजाने काढलेला असतो. वाहकतेला कंपनीने ठरवलेल्या एका गुणकाने गुणायचं, झाला टीडीएस. हा गुणक कुठे ०.५, कुठे ०.७. त्यामुळे एकाच पेल्यात दोन कंपन्यांचे मीटर बुडवले आणि एकाने ४००, दुसऱ्याने ५५० दाखवलं, तर दोघांपैकी एक बिघडलेला असेलच असं नाही.

याची खात्री स्वयंपाकघरात करता येते. एका पेल्यात जारचं पाणी घेऊन आकडा पाहा, मग त्यात चमचाभर साखर विरघळवून पुन्हा पाहा. आकडा जवळपास तिथेच राहील. साखर पाण्यात पूर्ण विरघळली, पाणी पाक होण्याच्या वाटेवर आहे, आणि ‘एकूण विरघळलेले पदार्थ’ मोजणाऱ्या यंत्राला त्याचा पत्ता नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत. आता दुसऱ्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका, आकडा उसळी मारेल. लहान मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा. मीटरला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्यांना आयुष्यभर लक्षात राहील.

मीटर बरोबर आहे का, हे तपासायलाही मीठच कामी येतं. प्रयोगशाळेत त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं ठरलेलं द्रावण असतं, २५ अंश सेल्सिअसला सेंटिमीटरला १४१३ मायक्रोसीमेन्स वाहकता देणारं. घरी पाच लिटर आरओच्या पाण्यात पाच ग्रॅम मीठ नीट विरघळवलं तर ०.५ गुणकाचा मीटर हजाराच्या आसपास आणि ०.७ गुणकाचा चौदाशेच्या आसपास आकडा दाखवायला हवा. आपला मीटर कुठल्या घराण्यातला आहे ते त्यावरून कळतं. मोजताना दांडे आधी त्याच पाण्याने विसळावेत, खुणेपर्यंतच बुडवावेत, हलकेच हलवून बुडबुडे झटकावेत आणि आकडा स्थिरावू द्यावा. तापमान अंशभर वाढलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते. बरेच मीटर हा फरक आपोआप सुधारून घेतात, पण उन्हात तापलेल्या टाकीचं पाणी आणि माठातलं पाणी यांची तुलना करायची तर दोन्ही तासभर सारख्याच जागी ठेवून मोजलेली बरी.

आता आकड्यांकडे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने तर टीडीएससाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा ठरवलेलीच नाही. तिचं वर्गीकरण चवीचं आहे: ३०० च्या खाली उत्तम, ६०० पर्यंत चांगलं, ९०० पर्यंत बरं, १२०० च्या पुढे तोंडात धरवणार नाही असं. म्हणजे ३५ आणि १४० या दोन आकड्यांत आरोग्याच्या दृष्टीने निवडण्यासारखं काही नाही. ३५ म्हणजे जास्त शुद्ध, हा समज विक्रेत्यांनी रुजवला आहे.

दिव्याचं नळाचं पाणी मुळात कमी क्षारांचंच असतं, याचं कारण सह्याद्रीत आहे. कळवा, मुंब्रा आणि दिवा या भागांना मिळणारं पाणी मुख्यतः एमआयडीसीकडून येतं. मुरबाड तालुक्यातल्या बारवी धरणात साठलेलं पावसाचं पाणी नदीने खाली सोडलं जातं, अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला जांभूळ इथे शुद्ध होतं आणि मोठ्या जलवाहिन्यांनी ठाण्याकडे येतं. काळ्या बसाल्ट खडकावर पडलेला मुसळधार पाऊस चटकन वाहून जातो, खडकातून क्षार विरघळवून घ्यायला त्याला फारसा वेळच मिळत नाही. म्हणून मुंबई-ठाण्याच्या धरणांच्या पाण्याचा टीडीएस सहसा शे-दीडशेच्या घरात असतो. हा आकडा दिवेकराने पाठ करून ठेवावा, कारण बाकीच्या पाण्यांची ओळख त्याच्याशी ताडूनच पटते.

दिव्याची जमीन मात्र समुद्राची नातलग आहे. एका बाजूला उल्हास नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला देसाईची खाडी. साबे, दातिवली, म्हातार्डी, आगासन, बेतवडे या आगरी-कोळी गावांनी बांध घालून खाडीला थोपवलं आणि खारजमिनीत भात पिकवला. पुढे याच खाजणांत आणि तिवरांच्या कडेला भराव पडत गेले आणि चाळी, इमारती उभ्या राहिल्या. वर खाडीचा चिकट गाळ, खाली भेगाळलेला बसाल्ट. त्या भेगांत पावसाचं गोडं पाणी साठतं आणि खाडीचं खारंही शिरतं. दोघांत कोण वरचढ ठरेल, हे वरून किती उपसा होतो त्यावर ठरतं. खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड, त्यामुळे गोडं पाणी त्याच्यावर तरंगल्यासारखं राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंता बाडोन घायबेन आणि त्याच्यानंतर जर्मनीचा हेर्झबर्ग यांनी वाळूच्या किनाऱ्यांसाठी हिशेब मांडला: भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलवर गोडं पाणी टिकतं. उलट वाचलं तर पातळी एक मीटरने उतरली की खाऱ्या पाण्याची सीमा चाळीस मीटर वर सरकू शकते. बसाल्टच्या भेगांत हा हिशेब काटेकोर लागू पडत नाही, पण दिशा तीच असते. एका गल्लीत शेजारी शेजारी बोअर मारले आणि मार्चपासून सगळ्यांच्या मोटरा दिवसरात्र चालल्या, तर मे महिन्यात पाणी मचूळ होणं ओघानेच आलं.

मीटरचा खरा उपयोग इथे आहे. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस लिटरला सुमारे ३५,००० मिलिग्रॅम असतो. १२० टीडीएसच्या शंभर लिटर पाण्यातलं एक लिटर काढून त्या जागी एक लिटर समुद्राचं पाणी ओतलं तर नवा आकडा येतो ४६९. अवघा एक टक्का खारं पाणी मिसळलं आणि आकडा जवळपास चौपट झाला. जिभेला पाण्याचा खारटपणा साधारण लिटरला अडीचशे मिलिग्रॅम क्लोराइडपासून जाणवू लागतो. एक टक्का मिसळीत क्लोराइड त्या पातळीच्या अलीकडेच राहतं, म्हणजे जीभ गप्प असताना मीटर बोललेला असतो. खाडीचं पाणी समुद्राइतकं खारं नेहमी नसतं. पावसाळ्यात उल्हासचा लोंढा आला की खाडीचाही खारटपणा खूप उतरतो. तरी उन्हाळ्यात बोअरमध्ये खाडी शिरते आहे का, हे ओळखायला इतकं स्वस्त आणि इतकं चोख साधन दुसरं नाही.

त्यासाठी एकदाच मोजून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि मधल्या अष्टमीच्या भांगाला, पावसाळा संपल्यावर आणि पावसाळ्याआधी, मोटर सुरू करताना आणि तासभर चालल्यावर, असे आकडे तारीखवार एका वहीत लिहिले की बोअरचा स्वभाव उघड होतो. उपसा वाढला की आकडा चढतो, मोटर दोन दिवस बंद ठेवली की उतरतो, असं दिसलं तर सोसायटीच्या बैठकीत पाणी मोजून वापरण्याचा विषय पुराव्यानिशी मांडता येतो. असाच बदल कचराभूमीच्या आसपासच्या विहिरींत पाहता येतो. ठाणे शहराचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याच्या कचराभूमीवर पडत होता. कुजलेल्या कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यात क्लोराइड आणि अमोनिया भरपूर असतं, त्याची वाहकता खूप मोठी असते. अशा ठिकाणच्या विहिरीचा आकडा भरतीशी संबंध न ठेवता महिन्यागणिक वाढत असेल, तर प्रयोगशाळेचा खर्च करण्याची वेळ आली असं समजावं.

टँकरच्या बाबतीत मीटर आणखी सरळ काम करतो. टँकर महापालिकेच्या किंवा एमआयडीसीच्या पाण्यावर भरला असेल तर आकडा नळाच्या आसपास हवा. चालक ‘लाइनचंच पाणी आहे’ म्हणतो आणि मीटर ७०० दाखवतो, तर ते पाणी कुठल्यातरी विहिरीतून किंवा बोअरमधून आलेलं आहे. बोअरचं पाणी आपोआप वाईट ठरत नाही, पण पिण्यासाठी म्हणून घेतलेल्या पाण्याचा स्रोत खरा सांगितला जावा एवढा हक्क गिऱ्हाइकाला आहेच. टाकीत पाइप सोडण्याआधी बादलीभर पाणी काढून मोजायची सवय एकदा लागली की पुरवठादारही सावध होतो.

मात्र आकडा जास्त आहे एवढ्यावरून कोणते क्षार आहेत ते कळत नाही. बंद गोणीचं वजन केलं म्हणून आत तांदूळ आहे की वाळू हे समजत नाही, तसंच हे. ६०० टीडीएसचं एक पाणी चुन्यामुळे जड असेल. त्यात साबणाला फेस येणार नाही, तूरडाळ शिजायला रडवेल, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढेल. दुसरं ६०० चं पाणी मिठामुळे असेल, त्यात डाळ शिजेल पण चहा बेचव लागेल आणि नळाच्या तोट्या गंजतील. बायका हा फरक मीटरशिवाय ओळखत आल्या आहेत, आणि ते ज्ञान मीटरच्या आकड्याशेजारी वहीत लिहिण्याच्या लायकीचं आहे. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, समुद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही भूजल खारं आहे. तिथल्या कुटुंबांना हा आकडा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. दिव्यात तो निदान बोअर आणि टँकरपुरता मर्यादित आहे.

आता मीटरला जे दिसत नाही त्याकडे. मघाचाच हिशेब पुन्हा करू, पण समुद्राच्या पाण्याऐवजी गटाराच्या पाण्याने. घरगुती सांडपाण्याचा टीडीएस समजा ७०० आहे. १२० टीडीएसच्या शंभर लिटर पाण्यात त्याचं एक लिटर मिसळलं तर आकडा होतो १२६. सहाचा फरक. तापमान बदललं, दांडे नीट विसळले नाहीत, तरी एवढा फरक पडतो. कोणीही म्हणेल, पाणी कालच्यासारखंच आहे. आता जंतूंचा हिशेब. कच्च्या सांडपाण्यात दर १०० मिलिलिटरला ई. कोलाय जिवाणू सहज दहा लाख किंवा त्याहून जास्त असतात. एक टक्का मिसळीत १०० मिलिलिटरमागे दहा हजार उरतात. मानक सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये. कावीळ पसरवणारे विषाणू तर याहून सूक्ष्म, त्यांची मीटरला चाहूलही लागत नाही.

ही मिसळ काल्पनिक नाही. पाणी ठरावीक वेळच येतं तिथे उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते. अशा वाहिनीला जोडावर फट असेल आणि ती गटारातून किंवा नाल्याकडेने गेली असेल, तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. त्यात कोणी थेट लाइनला मोटर लावली तर ओढ आणखी वाढते. चिंचोळ्या गल्ल्यांतून, गटारावरून, एकाला एक जोडून नेलेल्या पाइपांच्या जुड्या दिव्यात पावलोपावली दिसतात. शटडाउननंतर किंवा दुरुस्तीनंतर येणारं पहिलं पाणी म्हणूनच सर्वांत धोक्याचं. ते गढूळ नसलं आणि मीटर १२६ दाखवत असला, तरीही.

कमी आकडा म्हणजे सुरक्षित पाणी नव्हे, याचा धडा पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये घेतला. सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाणी-अन्नातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला. पालिकेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा जार भरून देणाऱ्या काही खासगी आरओ प्रकल्पांचं पाणीही दूषित निघालं आणि ते प्रकल्प बंद करण्यात आले. आरओच्या पाण्याचा टीडीएस कमीच असतो. पण आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, आणि नंतर टाकीत, नळीत किंवा नीट न धुतलेल्या जारमध्ये जंतू शिरले तर त्यांना अडवणारं काही राहत नाही. ओट्यावरच्या ३५ आकड्याच्या जारबद्दल हीच काळजी घ्यायला हवी.

दारोदार आरओ विकणारे एक चमत्कार दाखवतात, तो दिव्यातल्या चाळींनीही पाहिलेला असणार. दोन पेले, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत विजेवर चालणारं, चार दांड्यांचं उपकरण बुडवतात. मिनिटभरात नळाचं पाणी हिरवट-तपकिरी गाळाने भरतं, आरओचं स्वच्छ राहतं. ‘ताई, हे तुम्ही मुलांना पाजता!’ असं ऐकल्यावर कोणाची छाती धडधडणार नाही? खरं काय घडतं ते असं: त्या दांड्यांत एक जोडी लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची असते. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने त्यातून वीज वाहते, दांड्यांचं लोखंड विरघळतं आणि गंज बनून तरंगतं. तो गाळ पाण्यातला नसून दांड्यांचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही आणि दांडे झिजत नाहीत. त्या आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून तेच उपकरण पुन्हा चालवायला सांगा. तोही पेला तपकिरी होईल.

नळाचं पाणी दीडशेच्या आत असताना आरओ बसवणं मला दिव्यासाठी अन्यायाचंच वाटतं. घरगुती आरओ साधारण एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. जिथे हंड्यासाठी रात्र जागवावी लागते आणि टँकरला रोख मोजावे लागतात, तिथे ही उधळपट्टी कशासाठी? मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्र सरकारला हेच सुचवलं होतं: जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओच्या वापराला मनाई करावी. ज्या इमारतीला नाइलाजाने बोअरचंच पाणी प्यावं लागतं तिची गोष्ट वेगळी. तिथे आरओ हवा, आणि तिथे मीटरही पुन्हा उपयोगी. आत जाणारं पाणी ८०० आणि बाहेर येणारं ६० ते ८० असेल तर आरओचा क्षार अडवणारा पडदा ठीक काम करतो आहे. बाहेरचा आकडा महिन्यामहिन्याने चढत दोनशेवर गेला की पडदा बदलायला हवा. सर्व्हिसवाल्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा हे बरं.

विषारी धातूंचाही थांग या मीटरला लागत नाही. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, मीटरचं सर्वांत लहान घर एक मिलिग्रॅमचं. मर्यादेच्या पन्नास पट शिसं असलं तरी मीटरच्या आकड्यात एकाचाही फरक पडणार नाही. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की मुलांच्या दातांवर डाग पडू लागतात, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांनी ते भोगलं आहे, आणि तिथेही टीडीएसच्या आकड्यावरून काही कळलं नसतं.

पेनासारखाच दिसणारा दुसरा मीटर पीएचचा. आम्लता मोजण्याची ही पट्टी डेन्मार्कच्या सोरेन सोरेनसनने १९०९ मध्ये कार्ल्सबर्गच्या बिअर प्रयोगशाळेत बनवली, आणि १९३४ मध्ये अमेरिकेत आर्नल्ड बेकमनने लिंबाच्या रसाची आम्लता मोजता यावी म्हणून तिचं यंत्र केलं. पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ मध्ये हवा. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना नाल्याच्या पाण्याचा पीएच मोजावासा वाटतो आणि वाटायलाच हवा, कारण आम्ल किंवा अल्कली सोडली गेली तर हा आकडा झपाट्याने हलतो. पण या मीटरचं काचेचं टोक नाजूक असतं, कोरडं पडलं की खोटं बोलतं आणि ४ व ७ पीएचच्या द्रावणांत वरचेवर जुळवून घ्यावं लागतं. टीडीएस मीटरसारखा तो खणात टाकून विसरता येत नाही.

जंतूंसाठी घरी जी तपासणी सर्वांत जास्त कामाची, तिला बॅटरी लागत नाही. ती म्हणजे क्लोरीनची. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक ज्याला ओटी म्हणतात ती ऑर्थोटोलिडीन चाचणी: छोट्या नळीत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, आणि पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. डीपीडीच्या गोळीने तोच रंग गुलाबी येतो आणि ती पद्धत जास्त नेमकी आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं मानक सांगतं. ते असेल तर वाटेत शिरलेल्या बहुतेक जिवाणूंचा निकाल लागलेला असतो. रंग आलाच नाही, तर टीडीएस १२० असो की ३५, ते पाणी उकळूनच प्यावं. तपासलेलं पाणी मात्र मोरीत ओतावं, ऑर्थोटोलिडीन पोटात जाता कामा नये. इमारतीच्या टाकीत क्लोरीन नसेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी टाकीत घालायचं आणि निदान अर्धा तास थांबायचं, ही गावोगावी वापरली जाणारी रीत आहे.

उकळण्याबद्दल एक गैरसमज मीटरनेच पसरवला आहे. पाणी उकळून गार केलं आणि मोजलं तर आकडा सहसा कमी होत नाही, कधी वाफ गेल्याने थोडा वाढतोही. त्यावरून ‘उकळून काही उपयोग नाही’ असं म्हणणारे भेटतात. खळाखळा उकळी एक मिनिट टिकली की कावीळ, टायफॉइड, कॉलरा यांचे जंतू मरतात. क्षार तिथेच राहतात, आणि दीडशे आकड्याचे क्षार राहिले तर बिघडत काहीच नाही.

याहून पुढे जायचं तर काळ्या बाटलीची चाचणी आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ती मांडली. बाटलीतल्या पोषक द्रव्यात पाणी भरून उबदार जागी ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर विष्ठेतून आलेले जिवाणू असल्याची दाट शंका. जलजीवन मिशनमध्ये २०१९ पासून गावागावांत पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे, त्यांच्या संचांतही अशा सोप्या चाचण्या असतात. शहरी वस्ती म्हणून दिवा त्या योजनेबाहेर पडतो, पण चाळीतल्या बचत गटाने ओटीची बाटली आणि काळ्या बाटल्या स्वतः आणून ठेवायला काहीच आडकाठी नाही, आणि माझ्या मते मीटरच्या आधी खरेदी करण्याच्या वस्तू याच आहेत.

बाटली काळी पडली, ओटीला रंग आला नाही किंवा गल्लीत एकाच आठवड्यात दोन-तीन घरी कावीळ निघाली, की पाणीपुरवठा विभागाकडे नमुना तपासण्याची लेखी मागणी करावी. जंतूंच्या तपासणीसाठी कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली चालत नाही. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते क्लोरीन थांबवतं, नाहीतर वाटेत जंतू मरून अहवाल खोटाच चांगला येतो. नळाची तोटी पुसून, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू देऊन, बाटलीच्या तोंडाला हात न लावता भरायचं, बर्फात ठेवायचं आणि शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांत पोहोचवायचं. टाकीचा आणि थेट नळाचा असे दोन वेगळे नमुने दिले तर दोष इमारतीच्या टाकीत आहे की रस्त्याखालच्या वाहिनीत, ते ठरतं. अर्जात पाणी येण्याची वेळ, शटडाउनची तारीख, वाहिनी कुठल्या गटाराजवळून जाते ती जागा आणि वहीतले टीडीएस व क्लोरीनचे तारीखवार आकडे जोडावेत. अभियंत्याला गळती शोधायला त्यातून दोन-तीन गल्ल्या तरी कमी पालथ्या घालाव्या लागतात.